परसातलं तळं वाढवताना: जुन्या कागदाला नवा कागद कसा जोडावा

आमच्या परसातलं तळं आधी आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल होतं. २०१६ साली, मंगळवेढ्याजवळच्या या घरी आम्ही राहायला आलो त्या वर्षी, दिरांच्या शेततळ्याचं अस्तरीकरण झालं, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून आतून प्लॅस्टिक अंथरलं, आणि त्यातून उरलेला तुकडा मला मिळाला. पाचशे मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, काळा एचडीपीई, म्हणजे एक चिवट प्लॅस्टिक. इकडे सगळे त्याला शेततळ्याचा कागदच म्हणतात, म्हणून मीही पुढे कागदच म्हणणार आहे. तो खड्ड्यात अंथरून तळं केलं आणि त्यात कमळाचा एक कंद, कुमुदिनीच्या दोन कुंड्या आणि ओंजळभर गप्पी मासे सोडले. पाच वर्षांत कमळानं सगळं तळं व्यापलं. पाण्यात आभाळ दिसायचं बंद झालं. २०२१च्या दिवाळीनंतर तळ्याची लांबी सोळा फूट करायचं ठरवलं.

इथे पहिला प्रश्न येतो तो जोड हवाच का, हा. तुमचा जुना कागद दहा-बारा वर्षांचा असेल, किंवा तळं तसंही पूर्ण रिकामं करायचं असेल, तर एकसंध नवा कागदच घ्या. मापाचा हिशेब सोपा आहे: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. रुंदीचंही तसंच. सोळा बाय सहाच्या, दोन फूट खोल तळ्याला बावीस फूट बाय बारा फुटांचा तुकडा लागतो. शेततळ्याच्या कागदाचे गठ्ठे चांगले रुंद असतात, तेव्हा एवढा अखंड तुकडा मिळायला अडचण नाही. मी जोड स्वीकारला तो कमळासाठी. एका टोकाला विटांचा छोटा बांध घालून कमळ थेट गाळात लावलेलं होतं. ते उपटून पुन्हा लावायला माझं मन तयार नव्हतं आणि खालचा कागद धडधाकट होता.

धडधाकट आहे की नाही हे बघायची माझी रीत अशी. काठावरचा कागद दोन बोटांत धरून पूर्ण उलटा दुमडायचा आणि घडीवर नख दाबून फिरवायचं. पांढुरकी रेघ उठली किंवा बारीक चीर दिसली, तर तो भाग उन्हानं संपलेला आहे. तिथे कुठलाच जोड टिकणार नाही. सगळ्यात आधी मरतो तो पाण्याची पातळी आणि काठाचे दगड यांच्या मधला दोन-तीन इंचांचा पट्टा, कारण त्याच्यावर पाणीही नसतं आणि सावलीही नसते. पाण्याखालचा कागद मात्र वर्षानुवर्षं मऊ आणि चिवट राहतो. ही गोष्ट मला आधी माहीत असती तर पुढचं घडलं नसतं.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. टोकाची भिंत पूर्ण काढली, तिच्यावरचा कागद नव्या तळावर सपाट पसरला आणि त्याच्या टोकाला नवा कागद जोडला. जोड तळाच्या मधोमध आला. चिकटवायला दुकानातून एक डिंक आणला, ‘कुठलंही प्लॅस्टिक चिकटतं’ असं सांगून दिलेला. आठ दिवस पाणी राहिलं. नवव्या दिवशी सकाळी तळं जवळजवळ रिकामं होतं, आणि रात्रीतून जमिनीत गेलेल्या पाण्यानं खालची काळी माती फुगून नवा कागद मधोमध वर उचलला गेला होता. विटांच्या बांधाआड थोडं पाणी उरलं होतं, तिथे गेलेले मासे वाचले. बाकीचे गेले. पाच वर्षांची त्यांची पिल्लावळ होती, मला फार लागलं ते.

त्या एका रात्रीत तीन चुका दिसल्या. एचडीपीई हा मेणासारखा, तेलकट स्वभावाचा पदार्थ आहे. त्याच्यावर डिंक, सोल्यूशन, सिलिकॉन, काहीही बसत नाही. बसल्यासारखं वाटतं, आणि नखानं सोललं की सालीसारखं सुटून येतं. त्याला त्याच्याशी जोडायचा खरा मार्ग एकच, दोन्ही थर उष्णतेनं वितळवून एकजीव करणं. दुसरी चूक, जोड मी नेमका त्या ऊन खाल्लेल्या पट्ट्यावर घेतला होता. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी, जोडाची जागा. जोड तळाला असेल तर तो सुटल्यावर सगळं पाणी जातं. जोड वरच्या भागात असेल तर पाणी तिथपर्यंतच उतरतं आणि थांबतं. म्हणून आता मला कुणी विचारलं, कशानं चिकटवलं, तर मी उलट विचारते, जोड कुठे घेताय?

मी फेब्रुवारी २०२२ मध्ये काम नव्यानं केलं, ते असं.

जुन्या आणि नव्या तळ्याच्या मधे, जिथे जुनी भिंत होती तिथे, एक फूट रुंदीचा आडवा वरंबा बांधून काढला. त्याचा माथा तळापासून सोळा इंच उंच, म्हणजे काठापासून आठ इंच खाली. तळं भरलं की वरंबा पाण्याखाली जातो, वरून अखंड तळं दिसतं आणि मासे इकडून तिकडे फिरतात. जोड मात्र त्या वरंब्याच्या माथ्यावर, सपाट जागेवर. उद्या तो सुटलाच तर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच पाणी शिल्लक राहील. वरंब्याच्या माथ्यावर शहाबादी फरशीचे तुकडे बसवले, कारण जोड दाबताना खाली टणक आणि सपाट काहीतरी लागतं. मऊ मातीवर रोलर फिरवला तर कागद खाली बसतो आणि दाब लागतच नाही. फरशीच्या कडा कानसून गोल केल्या.

काळ्या रानात राहणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कागद थेट तिच्यावर टाकला तर तिच्या हालचालीचा सगळा ताण जोडावर येतो. मी नवा खड्डा ठरल्यापेक्षा सहा इंच जास्त खोल घेतला आणि त्यात मुरूम भरला. तीन इंचांचा थर, वर पाणी शिंपडायचं, धुम्मसानं चोपायचं, मग दुसरा तीन इंचांचा थर. मुरमातले टोकदार खडे हातानं वेचले. लव्हाळ्याच्या गाठी मात्र एकही ठेवू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो, प्लॅस्टिक फोडून वर येतो. मी खड्ड्याच्या चारी बाजूंना फूटभर रुंद पट्टा खणून गाठी चाळणीनं चाळून काढल्या, दोन दिवस गेले त्यात. मग आतून खताची रिकामी, धुतलेली पोती उसवून अंथरली. पूर्वी मी खाली जुन्या सोलापुरी चादरी घातल्या होत्या. चादर सुती, ती दोन वर्षांत कुजून गेली आणि तिथे पोकळी झाली. पोतं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं असतं, अंधारात कुजत नाही.

कोकणातल्या जांभ्यावर फुगण्याचा त्रास नाही, पण तिथे खेकडे आणि घुशींसाठी काठाच्या चरात बारीक जाळी घालावी लागते, असं माझी रत्नागिरीची बहीण सांगते.

आता कागद कापणं. जुन्या तळ्यातून वरंब्यावर चढून येणारा कागद मी तळापासून एकवीस इंचांवर कापला. सोळा इंच वरंब्याची उभी बाजू, वर पाच इंच माथ्यावर. पहिल्या वेळच्या डिंकाचा भाग आणि उन्हानं गेलेला पट्टा या कापण्यात निघून गेला. नवा कागद तेरा फूट बाय बारा फूट घेतला. बारा फूट रुंदी जुन्याइतकीच. तेरा फुटांचा हिशेब असा: वरंब्यावर एक फूट, खाली उतरायला दीड, तळाचे सात, समोरची भिंत दोन, काठ एक, आणि अर्धा फूट ढिलाईसाठी. ही ढिलाई चैन नाही. काळा कागद दुपारी तापून लांबतो आणि रात्री आखडतो. चाळीस फुटांच्या शेततळ्यात हा फरक हातभर दिसतो असं अतिशयोक्तीनं सांगतात. आमच्या बारा-तेरा फुटांत दोन सेंटिमीटर तरी सहज होतो. ताणून जोडलात तर पहिल्याच थंड रात्री तो जोड ओढला जाईल.

वेळही याच कारणानं निवडावी. सकाळी दव असतं, ओल्या कागदावर वितळलेला थर धरत नाही, आत वाफेचे फुगे होतात. दुपारी कागद इतका ताणलेला-सुटलेला असतो की सुरकुत्या पडतात. दव पूर्ण सुकल्यानंतरचे दोन तास, साधारण नऊ ते अकरा, आणि वारा नसलेला दिवस. वाऱ्यात, कागद वितळवायला जी गरम हवेची गन वापरतात, तिची हवा उडून जाते आणि धूळ जोडात येऊन बसते.

स्वच्छता हे निम्मं काम आहे. जुन्या कागदाच्या पाच इंचांवरचं शेवाळ काथ्याच्या ब्रशनं घासून काढलं, साबण न लावता. दोनदा साध्या पाण्यानं धुतलं, सुकू दिलं. मग ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं अगदी हलक्या हातानं, चमक जाईपर्यंतच घासलं, कारण जुन्या प्लॅस्टिकच्या वरच्या थरावर हवेचा आणि उन्हाचा परिणाम झालेला असतो आणि तो थर नीट वितळत नाही. जोर लावून घासू नका, अर्धा मिलिमीटरच तर आहे. शेवटी सुती फडक्याला स्पिरिट लावून दोन्ही कागद पुसले. त्यानंतर त्या पट्ट्याला बोट लावायचं नाही, हाताचा घामसुद्धा पुरतो बिघडवायला. रॉकेल किंवा थिनर वापरायची चूक करू नका.

साधनं दोनच. गरम हवेची गन, तिच्या तोंडाला चपटं नोझल, आणि सिलिकॉनचा हातरोलर. गन अस्तरीकरण करणाऱ्या पोरांकडे असते. माझा पुतण्या ओळखीतल्या दोघांना घेऊन आला. कोपरे त्यांनी केले, सरळ जोड मी केला, त्यांनी शेजारी बसून शिकवलं. गन हातात घ्यायच्या आधी दोन गोष्टी: तळ्याजवळ वीज वापरताय, तेव्हा विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणाऱ्या ईएलसीबीवरूनच जोडणी घ्या आणि वायर ओल्यात पडू देऊ नका. आणि अंगावर सुती कपडे. नोझलमधून येणारी हवा साडेतीनशे अंशांच्या आसपास असते, सिंथेटिक साडीचा पदर क्षणात वितळून अंगाला चिकटेल.

थेट तळ्यावर सुरुवात करायची नाही. जुन्या कागदाचा कापलेला चांगला तुकडा आणि नव्याचा तुकडा घेऊन आधी नमुना जोडायचा. थंड झाला की दोन्ही टोकं पकडून सोलायचा. जोड सालीसारखा सुटला तर उष्णता कमी पडली. कागद भोकं पडून आक्रसला तर जास्त झाली. जोड तसाच राहून शेजारचा कागद ताणून फाटला, की जमलं. मला पाच नमुने लागले. जुना आणि नवा कागद वेगवेगळ्या वेळी वितळतात हे त्यातच कळलं, म्हणून मी नोझलचं तोंड किंचित जुन्याकडे कललेलं ठेवलं.

नवा कागद वर, जुना खाली, चार इंच एकमेकांवर. फरशी थंड असते आणि उष्णता खेचून घेते, म्हणून जुन्या कागदाखाली मी सुती साडीची दुपदरी पट्टी सरकवली होती. काम झाल्यावर ती ओढून काढली. आधी आतल्या बाजूला फूट-फूट अंतरावर एकेक ठिपका चिकटवून कागद जागेवर पक्का केला. मग पहिली फेरी: नोझल दोन कागदांच्या मधे खोल घालून आतला पट्टा जोडत जायचं, बाहेर दीड इंचाची फट मोकळी ठेवायची. या फेरीनं पुढच्या वेळची गरम हवा आत पळून जात नाही. मग दुसरी, खरी फेरी त्या दीड इंचावर. उजव्या हातात रोलर, डाव्या हातात गन, रोलर नोझलच्या मागे बोटभर अंतरावर, दाबत, न थांबता. थांबलात तर तिथे भोक पडतं. मिनिटाला दीड-दोन फूट एवढाच वेग. कडेला काळ्या प्लॅस्टिकची बारीक ओळ बाहेर आलेली दिसली की मन भरतं.

कुठे सुरकुती जोडात सापडली तर ती दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. सुरकुतीच्या टोकाला माशानं तोंड उघडावं तशी फट राहतेच. ती कापायची, कडा एकमेकांवर चढवून जोडायच्या आणि वरून ठिगळ. ठिगळ नेहमी गोल, वाटीनं आखून कापलेलं. चौकोनी ठिगळाचा कोपरा पहिल्यांदा उचलतो.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे वरंबा आणि बाजूची भिंत जिथे मिळतात ते दोन कोपरे. खोल भागासाठी धरलेली रुंदी वरंब्यावर लागत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना मोठी पाकळी गोळा होते. जुन्या कागदाला तर तिथे आधीची घडीच होती. घडीवर घडी घालून जोडली तर मधून पाणी वाट काढतं. त्या पोरांनी पाकळी कापून टाकली, कडा एकावर एक चढवून वरून खाली असा उभा जोड घेतला आणि मग माझा आडवा जोड त्याला आणून भिडवला. जिथे तीन थर मिळतात तिथे गोल ठिगळ. भिंतीवर काम करताना कागदाच्या मागे एक गुळगुळीत फळी धरली होती. उतारावर जोड कधीही आडवा घेऊ नये, उभाच घ्यावा, हे त्यांचंच सांगणं: कागदाचं वजन खाली ओढतं, ते उभ्या जोडाच्या अंगावर येत नाही. हा कोपऱ्याचा भाग पहिल्याच वेळी स्वतः करायचा हट्ट धरू नका. अर्ध्या दिवसाची मजुरी द्या आणि बघून घ्या.

सगळं पूर्ण थंड झाल्यावर, तासाभरानं, बोथट पेचकस जोडाच्या कडेवरून हलका दाब देत फिरवायचा. जिथे तो आत शिरेल तिथे खडूनं खूण आणि पुन्हा गन. मला तीन जागा सापडल्या.

तुमचा कागद रबरी, ईपीडीएमचा असेल तर यातलं गनचं काही उपयोगाचं नाही, रबर वितळत नाही. त्याच्यासाठी प्रायमर आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी मिळते. प्रायमर सुकू द्यायचा, पट्टी बसवायची, रोलरनं दाबायची. पीव्हीसीला त्याचं सोल्यूशन चालतं. कुठला आहे ते कळत नसेल तर तुकडा ओढून बघा: रबर ओढून सोडलं की परत जागेवर येतं, एचडीपीई ताणला की ताणलेलाच राहतो. जोडाची जागा, खालची टणक बैठक आणि ढिलाई मात्र तिन्हींना सारखीच.

पाणी एकदम भरायचं नाही. मी आधी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भरलं, कागद तळाला नीट बसला का ते बघून सुरकुत्या हातानं काठाकडे सारल्या. काठाचा फूटभर कागद तोवर मोकळाच ठेवला होता. तळं भरून दोन दिवस गेल्यावर तो चरात दाबून माती आणि दगड टाकले. आधी दाबला असता तर पाण्याच्या वजनानं कागद खाली ओढला गेला असता आणि ताण पुन्हा जोडावरच आला असता.

मग गळती आहे की नाही हे कसं ओळखायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, त्यामुळे पातळी उतरली म्हणून घाबरायला होतं. एक बादली पाण्यानं भरून वरंब्यावर, तळ्यातच उभी करायची, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याला खूण करायची. चोवीस तासांनी दोन्ही सारखीच उतरली तर ते ऊन आणि वारा. तळं जास्त उतरलं तर गळती. आणि गळती असेल तर पाणी भरत बसू नका, उतरू द्या. ज्या पातळीवर थांबेल त्याच रेषेत भोक आहे.

मी आठ दिवस बादली ठेवली. नवव्या सकाळी मी फार लवकर उठले होते. पाणी खुणेवर होतं.

मासे त्यानंतर सोडले. दोन पिंपांत जुनं पाणी साठवून ठेवलं होतं, ते आधी मिसळलं. नवं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन जायला दोन-तीन दिवस उघडं राहू द्यावं, बोअरचं असेल तर वरून धार धरून हवा खेळवावी. मासे पिशवीत घालून पिशवी पाऊणएक तास तळ्यात तरंगत ठेवली, मग तोंड उघडलं.

नव्या कागदातून दोन फुटांचा एक तुकडा वाचला होता. तो गुंडाळून, त्याच्यावर महिना आणि वर्ष लिहून, कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला आहे. पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच कागदाचा, ऊन न लागलेला तुकडा हाताशी हवा. दर दिवाळीनंतर पाणी आठ इंच उतरवते, वरंबा उघडा करते, शेवाळ पुसून कडेवरून तोच पेचकस फिरवते, आणि पाणी परत चढवते.